न्यूट्रॉनचे आयुष्य किती? मोजमापांच्या भांडणात सरासरीचा कस

अणुगर्भाच्या आश्रयाला असलेला न्यूट्रॉन सहसा निर्धास्त असतो; मात्र तो बाहेर पडला की त्याची घटका भरत येते. मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आतच विघटन पावून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो यांत रूपांतरित होतो. ही जेमतेम पंधरा मिनिटे नेमकी किती सेकंदांची, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती न्यूट्रॉन शिल्लक उरले आणि त्यांतून किती हेलियम तयार झाला, याचे गणित याच आकड्यावर उभे आहे. त्यामुळे हा आकडा मोजण्यासाठी अनेक देशांतील प्रयोगशाळांनी आपले कौशल्य पणाला लावले.

२००४ साली भौतिकशास्त्राच्या अधिकृत कोष्टकात हे आयुर्मान ८८५.७ सेकंद, अधिक-उणे ०.८ सेकंद असे नोंदलेले होते. हे कोष्टक 'पार्टिकल डेटा ग्रुप' या गटाचे. अमेरिकेतील बर्कली येथून चालणारा हा गट १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मूलकणांविषयीची जगभरातील मोजमापे गोळा करून त्यांची एकत्रित किंमत प्रसिद्ध करतो, आणि जगभरचे संशोधक तीच प्रमाण मानतात. २००५ मध्ये अनातोली सेरेब्रोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील ग्रनोबल येथे केलेल्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला : ८७८.५ सेकंद, आणि अनिश्चितता तितकीच, म्हणजे सुमारे ०.८ सेकंद. दोन आकड्यांत सात सेकंदांहून अधिक अंतर होते.

कोष्टकाच्या संपादकांपुढे पेच उभा राहिला. नवा निकाल जुन्यांत मिसळून सरासरी काढावी, की तो बाजूला ठेवावा? या पेचाचे स्वरूप समजण्यासाठी सरासरीच्या रोजच्या व्यवहाराकडे थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे.

समजा, सोन्याची एकच साखळी तीन सराफांच्या काट्यावर वजन केली. तिन्ही वजनांत थोडा फरक पडेल आणि सरासरी घेतली की काम भागेल. परंतु एका सराफाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक आणि दुसऱ्याचा दहा मिलिग्रॅमपर्यंतच असेल, तर दोघांच्या शब्दाला सारखेच वजन देणे शहाणपणाचे नाही. म्हणून संख्याशास्त्रात 'भारित सरासरी' वापरतात. ज्याची अनिश्चितता कमी त्याला भार अधिक. आणि हा भार अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे दहापट अचूक काट्याला शंभरपट भार मिळतो. गाऊस आणि लजांद्र यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून, लघुतम वर्गांची ही रीत रूढ आहे. तिचा आणखी एक गुण असा की, जितकी मोजमापे वाढवावीत तितकी एकत्रित किमतीची अनिश्चितता घटत जाते.

हा गुणच पुढे अवगुण ठरतो. सूत्रात प्रत्येकाने स्वतः सांगितलेली अनिश्चितता तेवढी जाते. मोजमापे एकमेकांशी कितपत जुळतात, याची चौकशी ते सूत्र करीतच नाही. ८८५.७ ± ०.८ आणि ८७८.५ ± ०.८ या दोन आकड्यांना त्यात घातले, तर उत्तर येते ८८२.१ ± ०.६. हे उत्तर क्षणभर न्याहाळण्यासारखे आहे. ८८२.१ हा आकडा दोन्ही पक्षांच्या मते चुकीचा आहे; दोघांच्याही सांगितलेल्या अनिश्चिततेपासून तो कितीतरी दूर आहे. आणि तरीही सूत्र म्हणते की, आता आपली खात्री पूर्वीपेक्षा वाढली, कारण ०.८ ची अनिश्चितता ०.६ झाली! दोन साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देत असताना न्यायाधीशाचा विश्वास दुणावावा, असा हा प्रकार.

मोजमापे सचोटीची आणि अनिश्चितता योग्य असेल, तर खरी किंमत त्या अधिक-उणे पट्ट्यात पडण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. दुप्पट पट्ट्यात ती ९५ टक्क्यांवर जाते. येथे दोन निकालांतील अंतर त्यांच्या संयुक्त अनिश्चिततेच्या साडेसहा पट होते. असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कोट्यवधींत एकदाही नाही. तेव्हा कोणी तरी, कोठे तरी, काही तरी चुकले होते, हे निश्चित. फक्त कोण, ते आकडे सांगत नव्हते.

ही अडचण नवी नव्हती. बर्कलीच्याच विद्यापीठात रेमंड बर्ज नावाचे प्राध्यापक होते. भौतिकशास्त्रातील स्थिरांकांच्या किमती विखुरलेल्या आहेत, त्या कोणी तरी एकत्र तपासल्या पाहिजेत, या ध्यासाने त्यांनी १९२९ साली एक दीर्घ निबंध लिहिला. पुढे १९३२ मध्ये त्यांनी एक साधी कसोटी सुचविली. प्रत्येक मोजमाप सरासरीपासून किती दूर आहे ते त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेच्या मापाने मोजावे, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करावी, मोजमापांच्या संख्येतून एक वजा करून त्या संख्येने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. उत्तर एकच्या आसपास आले, तर मोजमापांतील फरक सांगितलेल्या अनिश्चिततेला साजेसा आहे. ते एकपेक्षा बरेच जास्त आले, तर सांगितलेली अनिश्चितता फारच आशावादी आहे, किंवा कोठे तरी दडलेली चूक आहे. यालाच आज 'बर्ज गुणोत्तर' म्हणतात.

पार्टिकल डेटा ग्रुपने हीच कसोटी उचलली आणि तिला औषधाचेही रूप दिले. गुणोत्तर एकपेक्षा जास्त आले, तर एकत्रित किमतीची अनिश्चितता त्याच गुणकाने वाढवायची. हा गुणक 'एस' या अक्षराने दर्शवितात आणि कोष्टकात किमतीच्या शेजारीच छापतात. न्यूट्रॉनच्या वरील जोडीसाठी हा गुणक ६.४ येतो. ०.५७ सेकंदांची अनिश्चितता ६.४ ने गुणली की ती ३.६ सेकंद होते. आता उत्तर ८८२.१ ± ३.६ असे झाले. ३.६ म्हणजे दोन निकालांतील अंतराचा बरोबर अर्धा भाग. म्हणजे पट्ट्याची दोन टोके दोन्ही प्रयोगांवर जाऊन टेकतात. या लांबलचक गणिताने अखेर एवढेच सांगितले की, 'खरे उत्तर या दोघांच्या दरम्यान कोठे तरी असावे.' उत्तर मोघम आहे खरे. पण ते प्रामाणिक आहे.

या औषधाच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. गुणक सर्वांची अनिश्चितता सारख्याच पटीने वाढवितो. त्यामुळे एकमेकांच्या तुलनेतील भार बदलत नाहीत आणि मधला आकडा जागचा हलत नाही. चूक एकाची असली तरी दंड सर्वांना होतो. शिवाय सर्व प्रयोगांत एकच चूक दडलेली असेल, तर ते आपसांत छान जुळतील, गुणोत्तर एकच्या जवळ येईल, आणि सर्व मिळून चुकीच्याच उत्तरावर शिक्कामोर्तब करतील.

खुद्द बर्ज यांनाच हा अनुभव आला. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार त्यांनी १९२९ साली ४.७७० ± ०.००५ असा ठरविला (दहाचा उणे दहावा घात, त्या काळच्या विद्युत एककांत). आजची किंमत आहे ४.८०३. म्हणजे चूक सांगितलेल्या अनिश्चिततेच्या सहापटीहून अधिक. कारण असे की, रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलथेंबांच्या प्रयोगाला अतिशय अचूक समजून सरासरीत मोठा भार मिळाला होता. त्या प्रयोगात हवेच्या श्यानतेची, म्हणजे चिकटपणाची, जी किंमत वापरली होती तीच थोडी कमी होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने काढलेली किंमत जास्त येत होती. पण तिची अनिश्चितता मोठी असल्याने तिच्या शब्दाला मान कमी. १९३० च्या दशकात श्यानता पुन्हा मोजली गेली तेव्हा तेलथेंबांचा निकाल वर सरकला आणि क्ष-किरणांचा पक्ष खरा ठरला. भारित सरासरीने आत्मविश्वासाने बोलणाऱ्याचे ऐकले होते. तो बरोबर आहे की नाही, हे विचारण्याची सोय तिच्यात नव्हतीच.

पुन्हा २००५ च्या पेचाकडे वळू. संपादकांनी सरासरी काढली नाही. २००६ च्या आवृत्तीत त्यांनी ८८५.७ हाच आकडा कायम ठेवला आणि नवा निकाल इतरांपासून इतका दूर आहे की तो सरासरीत धरण्यात अर्थ नाही, असे स्पष्ट नोंदविले. हा निर्णय पुढील आवृत्तीतही टिकला. मागे वळून पाहता त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्या क्षणी एका बाजूला अनेक प्रयोगांचे एकमत आणि दुसऱ्या बाजूला एकटा निकाल, अशी स्थिती होती. एकट्याला वगळणे हा काही सूत्राचा नियम नव्हे, तो माणसांचा निवाडा होता. तो उघडपणे, कारण देऊन केला, हे महत्त्वाचे. कोष्टक वाचणाऱ्याला वादाची माहिती त्याच पानावर मिळत होती.

त्यानंतर घडले ते असे : २०१० मध्ये आणखी एका गटाने ८८०.७ सेकंद हा निकाल दिला. जुन्या काही प्रयोगांच्या कर्त्यांनी आपल्या दुरुस्त्यांची फेरतपासणी केली, आणि त्यांचेही आकडे काही सेकंदांनी खाली आले. २०१२ च्या कोष्टकात अधिकृत किंमत ८८०.१ ± १.१ झाली, गुणक १.८. म्हणजे सात-आठ वर्षे प्रमाण मानली गेलेली किंमत स्वतःच्या अनिश्चिततेच्या सात पट घसरली. जुने प्रयोग नव्याने तपासावेत असे त्या संशोधकांना नवा निकाल आल्यावरच का वाटले, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. अपेक्षित उत्तर आले की शोध थांबवायचा आणि अनपेक्षित आले तर चूक शोधत राहायचे, ही मानवी प्रवृत्ती आहे. आणि तिच्यावर कोणत्याही गुणकाचा इलाज चालत नाही.

या प्रवृत्तीला आवर घालण्यासाठी अलीकडे 'झाकलेले विश्लेषण' करतात. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे 'यूसीएन-टाऊ' या प्रयोगात अतिशय थंड, माणूस पळतो तेवढ्याच वेगाने सरकणारे न्यूट्रॉन चुंबकांच्या टबवजा पात्रात कोंडतात आणि ठरावीक काळाने किती उरले ते मोजतात. तेथील आकड्यांत मुद्दाम एक अज्ञात फेरफार मिसळून ठेवला होता. तीन स्वतंत्र चमूंनी आपापले गणित पूर्ण केल्यावरच तो उघड करण्यात आला. २०२१ साली जाहीर झालेला निकाल होता ८७७.७५ सेकंद, अनिश्चितता सुमारे ०.४ सेकंद. एकेकाळी वगळलेल्या सेरेब्रोव यांच्या आकड्याला तो अगदी खेटून आहे.

मात्र वाद मिटला नाही. त्याने जागा बदलली. न्यूट्रॉन कोंडून मोजण्याऐवजी दुसरी रीत अशी की, न्यूट्रॉनचा झोत सोडायचा आणि वाटेत विघटन होऊन किती प्रोटॉन निर्माण होतात ते मोजायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत या रीतीने २०१३ साली आलेला निकाल ८८७.७ ± २.२ सेकंद आहे. पात्रात मरणारे मोजा, तर ८७८; झोतात जन्मणारे मोजा, तर ८८८. न्यूट्रॉनांपैकी सुमारे एक टक्का आपल्याला न दिसणाऱ्या कणांत विघटित होत असतील, तर ही तफावत उलगडेल, अशी कल्पना २०१८ मध्ये मांडली गेली. ती खरी असती तर तो मोठाच शोध ठरला असता. एखाद्या प्रयोगातील बारीक दोष, हे दुसरे स्पष्टीकरण त्या मानाने नीरस आहे. परंतु भौतिकशास्त्राच्या इतिहासात अशा वेळी नीरस स्पष्टीकरणच बहुधा खरे ठरले आहे.

हेच दोन आकडे एकत्र करून पाहिले, तर पद्धतीच्या निवडीवर किती अवलंबून असते ते कळते. पात्राचा ८७७.८ ± ०.४ आणि झोताचा ८८७.७ ± २.२ घ्यावा. बर्ज यांच्या रीतीने पात्राच्या प्रयोगाला झोताच्या तीसपट भार मिळतो आणि उत्तर येते ८७८.१ ± १.७. झोताच्या प्रयोगाची साक्ष जवळजवळ ऐकलीच जात नाही. आता दुसरी रीत. अमेरिकेतील मँडेल आणि पॉल या संख्याशास्त्रज्ञांच्या नावाने ती मोजमापशास्त्रात ओळखली जाते, आणि वैद्यकात निरनिराळ्या औषध-चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करताना तिचीच भावंडे वापरतात. तीत अनिश्चितता गुणत नाहीत, तर प्रत्येक प्रयोगात एकसारखी अज्ञात चूक आहे असे धरून तेवढी भर सर्वांत घालतात. येथे ही भर ६.८ सेकंदांची होते. एवढी मोठी भर पडल्यावर ०.४ आणि २.२ मधील फरक पुसला जातो, दोघांचे भार जवळजवळ सारखे होतात आणि उत्तर येते ८८२.५ ± ४.९.

एकाच जोडीची दोन उत्तरे, आणि दोन्ही रीती पाठ्यपुस्तकातील! फरक आहे तो गृहीतकात. पहिली रीत मानते की, सर्वांनी आपली अनिश्चितता सारख्याच प्रमाणात कमी लेखली, तेव्हा जो अधिक अचूक तो अजूनही अधिक अचूक. दुसरी मानते की, न सांगितलेल्या चुकीपुढे सांगितलेली अचूकता फोल आहे. यांपैकी कोणते गृहीतक योग्य, हे त्या दोन आकड्यांत लिहिलेले नसते; उपकरणे, पात्राच्या भिंती, प्रोटॉन पकडणारे सापळे यांच्या अभ्यासातूनच ते ठरवावे लागते. याखेरीज मध्यांक घेणे हा तिसरा मार्ग आहे. पण दोनच पक्ष असताना त्याचा उपयोग नाही. काही संशोधक 'प्रत्येक प्रयोगाने आपली चूक कमी सांगितली असण्याची शक्यता' सुरुवातीपासूनच गणितात घेतात. त्यांच्या आलेखात एका डोंगराऐवजी दोन उंचवटे दिसतात. दोन उंचवटे दिसत असताना त्यांच्यामधल्या दरीत उभे राहून हीच खरी किंमत असे सांगण्यात हशील नाही, हे ते चित्र एका दृष्टिक्षेपात सांगते.

असाच, किंबहुना अधिक जुना, गोंधळ न्यूटनच्या गुरुत्व स्थिरांकाचा आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली तारेला टांगलेल्या दांड्याचा पीळ मोजून पृथ्वीची घनता काढली. आजही बहुतेक प्रयोग त्याच तत्त्वावर चालतात. मूलभूत स्थिरांकांच्या किमती ठरविणाऱ्या 'कोडाटा' समितीने १९८६ साली त्याची अनिश्चितता दहा लाखांत १२८ भाग दिली होती. त्यानंतर जर्मनीच्या मानक संस्थेचा निकाल आला. तो सुमारे ०.६ टक्क्याने जास्त होता. समितीने १९९८ मध्ये मधला आकडा फारसा हलविला नाही. पण अनिश्चितता थेट १५०० भागांवर नेली. बारा वर्षांच्या संशोधनानंतर ज्ञान बारापट कमी झाले, असे दिसणारा हा बहुधा विरळा प्रसंग. तो जर्मन निकाल पुढे बाजूला ठेवला गेला, परंतु इतर निकालही एकमेकांशी जुळेनात. २०१० मध्ये समितीला सर्वांची अनिश्चितता १४ पट, २०१४ मध्ये ६.३ पट आणि २०१८ मध्ये ३.९ पट वाढवावी लागली. शेवटच्या दोन वेळी कसोटी अशी की, वाढविलेल्या अनिश्चिततेच्या दुपटीपलीकडे एकही निकाल पडू नये. २०१८ मधील सोळा निकालांत चीनमधील वूहान येथील एकाच गटाने दोन रीतींनी काढलेले दोन निकाल होते. दोन्हींची अनिश्चितता दहा लाखांत १२ भाग, आणि दोघांत अंतर ४५ भागांचे. घर एक, हात तेच, तरी आकडे दोन.

पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे संस्थेने ज्या उपकरणाने इतरांपेक्षा मोठी किंमत काढली होती, तेच उपकरण पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेत नेऊन तोच प्रयोग दुसऱ्या माणसांनी पुन्हा करण्याचे काम हाती घेण्यात आले. चूक उपकरणात की करणाऱ्यात, हे शोधण्याचा हा मार्ग कोणत्याही सूत्रापेक्षा खर्चिक आणि संथ आहे, पण गुणकाने जे साधत नाही ते त्यानेच साधण्याची आशा आहे.

न्यूट्रॉनच्या बाबतीत जपानमधील 'जे-पार्क' येथे झोताचीच रीत वापरून, परंतु प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन मोजून, २०२४ च्या अखेरीस सुमारे ८७७ सेकंद हा आकडा मिळाला. त्याची अनिश्चितता चार सेकंदांहून थोडी अधिक आहे. पार्टिकल डेटा ग्रुपने २०२४ च्या कोष्टकात झोताचे प्रयोग सरासरीत धरलेले नाहीत. पात्रांच्या प्रयोगांवरून ८७८.४ ± ०.५ सेकंद ही किंमत दिली आहे. शेजारी गुणक छापला आहे १.८. म्हणजे झोताचा पक्ष बाहेर ठेवूनही पात्रांचे आपसांत अजून पुरते जुळलेले नाही.